रूट कॅनॉल उपचारातील जीवाणूरोधक औषधे

रूट कॅनॉल उपचारात दोन भेटींच्या दरम्यान दाताच्या मुळातील नलिकेत ठेवल्या जाणाऱ्या औषधांना नलिकांतर्गत औषधे म्हणतात. नलिका उपकरणांनी साफ करून सोडियम हायपोक्लोराइटने धुतल्यानंतरही तिच्या फाट्यांत व डेंटिनमधील सूक्ष्म नलिकांत जीवाणू उरू शकतात. त्यांचा नाश करणे व त्यांची पुन्हा वाढ रोखणे, हा या औषधांचा उद्देश असतो.

पार्श्वभूमी

१९६५ मध्ये काकेहाशी व सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात, उघडी पडलेली दंतमज्जा जंतुविरहित उंदरांमध्ये भरून आली, तर सामान्य उंदरांमध्ये ती मृत होऊन गळू झाले. यावरून जीवाणूंचे कारणत्व स्पष्ट झाले. पूर्वी फॉर्मोक्रेसॉल व कापूरयुक्त फिनॉल वापरले जाई. परंतु ती ऊतींना विषारी असून त्यांचा प्रभाव अल्पकाळ टिकतो.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड

हे औषध १९२० मध्ये हर्मन यांनी दंतवैद्यकात आणले. त्याचा सामू सुमारे १२.५ असतो. त्यातून सुटणारे हायड्रॉक्सिल आयन जीवाणूंचे पेशीपटल व प्रथिने नष्ट करतात, तसेच जीवाणूजन्य अंतर्विष निष्प्रभ करतात. मात्र डेंटिनमुळे त्याची अल्कधर्मिता घटते. एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जीवाणू प्रोटॉन पंपाच्या साहाय्याने त्यापासून बचाव करतो. अयशस्वी ठरलेल्या उपचारांमध्ये हा जीवाणू वारंवार आढळतो, म्हणून ही मर्यादा महत्त्वाची ठरते.

क्लोरहेक्सिडीन

२ टक्के जेलच्या स्वरूपातील क्लोरहेक्सिडीन एन्टेरोकॉकस फीकॅलिसवर अधिक प्रभावी आहे. ते डेंटिनला चिकटून राहत असल्याने त्याचा परिणाम टिकतो. परंतु ते मृत ऊती विरघळवत नाही. सोडियम हायपोक्लोराइटशी संयोग झाल्यास नारिंगी-तपकिरी साका तयार होतो; म्हणून दोहोंच्या वापरादरम्यान नलिका धुणे आवश्यक असते.

प्रतिजैविकांचे लेप

मेट्रोनिडॅझोल, सिप्रोफ्लॉक्सॅसिन व मिनोसायक्लिन यांच्या मिश्रणाला त्रि-प्रतिजैविक लेप म्हणतात. मेट्रोनिडॅझोल विनॉक्सी जीवाणूंवर, तर इतर दोन घटक अन्य जीवाणूंवर कार्य करतात. मुळाची वाढ अपूर्ण असलेल्या दातांच्या पुनर्जनन उपचारात हा लेप वापरला जातो. मिनोसायक्लिनमुळे दात काळपट पडू शकतो, म्हणून काही वेळा ते वगळले जाते. जास्त सांद्रतेचा लेप मूलपेशींना घातक ठरतो. प्रतिजैविक प्रतिरोध व अ‍ॅलर्जी हेही धोके आहेत.

निवड

सर्व परिस्थितींत श्रेष्ठ ठरेल असे एकच औषध नाही. नेहमीच्या उपचारात कॅल्शियम हायड्रॉक्साइड साधारणतः किमान एक आठवडा ठेवले जाते. पुनरुपचारात क्लोरहेक्सिडीनचा विचार होतो. कोणतेही औषध यांत्रिक सफाई, धुलाई आणि दाताचे घट्ट तात्पुरते सीलबंदीकरण यांची जागा घेऊ शकत नाही. तात्पुरते भरण गळाल्यास लाळेवाटे नलिकेत पुन्हा जीवाणू शिरतात.