तंबोरा ऐकू येतो का?

सकाळी साडेसहा. ऐकण्याचं काम रस्ता जागा होण्याआधी सुरू करावं लागतं. दिवस चढून दुचाक्यांची घरघर वाढली की डग्ग्याची घुमक आणि खर्जातली कुजबुज तिच्यात बुडून जाते. तरी लगेच सीडी लावत नाही. आधी मिरजेचा तंबोरा काढतो, जुळवतो आणि घोडीवरचा सुती दोरा सरकवत जवारी उघडेपर्यंत थांबतो. थोडा वेळ त्या नादात बसलं की खरा तंबोरा कसा वाजतो हे दिवसभर कानात राहतं. नंतरची सगळी पारख त्याच्याशीच ताडून बघायची असते.

साडेसात. एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन सीडी शेजारी ठेवल्या की जिचा आवाज किंचित मोठा ती चांगली वाटते. हा कानाचा स्वभावच आहे, रियाजाने तो जात नाही. म्हणून दोन्ही संगणकावर उतरवून घेतो, त्यांची सरासरी पातळी मोजतो आणि मोठी असेल ती खाली आणतो. नातू शाळेत निघण्यापूर्वी त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावं देऊन ठेवतो. कोणती कुठली हे त्याला माहीत असतं, मला नाही. मी लिहून ठेवलेली मतं संध्याकाळी तो आल्यावर उघडायची.

आठ ते अकरा. आज 1960च्या दशकातल्या एका ख्यालाच्या एलपीच्या सीडीवरच्या दोन आवृत्त्या आहेत. ‘अ’ लावली तर खरखर स्पष्ट ऐकू येते. ‘ब’ लख्ख. पहिल्या मिनिटात कोणीही ‘ब’च निवडेल. मी मात्र गायिकेकडे लक्ष न देता मागचा तंबोरा ऐकतो. ती गात असताना तंबोरा आहे. ती श्वास घ्यायला थांबली की तो मागे सरकतो, जवळजवळ विझतो, आणि पुढचा ‘आ’ आला की पुन्हा उगवतो. खऱ्या मैफलीत याच्या नेमकं उलट होतं. गाणारा थांबला की तंबोरे भरून येतात आणि पुढचा स्वर त्या भरलेल्या नादातून उचलला जातो. तो नाद गेला तर ती जागा नुसती रिकामी राहते.

असं का होतं? खरखर काढणाऱ्या यंत्रणेला आधी खरखरीचा नमुना द्यावा लागतो, आणि तो ‘शांत’ जागेतून घेतला जातो. पियानोच्या ध्वनिमुद्रणात अशी जागा सापडते. आपल्या ख्यालात पहिल्या स्वराच्या आधीही तंबोरा चालूच असतो. तो अखंड आणि एकसारखा, त्यामुळे यंत्रणा त्यालाही खरखर समजते. शिवाय जवारीतून उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर आणि टेपची सळसळ एकाच पट्ट्यात राहतात. सळसळ पुसताना जवारी पुसली जाते, तबल्याच्या चाटेवरच्या ‘ना’ची धार बोथट होते, गळ्यातला कणही जातो. ज्याने हे केलं त्याने मेहनत केली असेल, पण त्याच्याजवळ तंबोरा नव्हता.

अकरा. पडद्यावर दोन्हींचे आलेख बघतो. सीडीची 16 बिटांची मांडणी साधारण 96 डेसिबलचा विस्तार देते, म्हणजे विलंबितातली हलकी मींड आणि द्रुतातली जोरकस तान यांतलं अंतर आरामात मावावं. ‘ब’मध्ये ते अंतर दाबून टाकलंय, लाटांचे माथे सपाट कापलेत. ‘अ’मध्ये माथे शाबूत आहेत.

बारा ते दोन काही ऐकत नाही. थकलेल्या कानाला प्रत्येक तीव्र स्वर खुपतो आणि निवाडा कडक होतो.

दोन. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1930च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका, सीडीवर उतरवलेल्या. इथे प्रश्न गतीचा. ‘78’ म्हटल्या जाणाऱ्या तबकड्या सगळ्या नेमक्या 78 फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत. गती सुमारे सहा टक्के चुकली की पट्टीच बदलते, काळी एकचा गळा पांढरी दोनवर जातो. अशा वेळी मी स्वर मोजण्यापेक्षा उच्चार ऐकतो. गती जास्त असली की ‘आ’ आखडतो, आवाज बारीक होतो आणि तानेतले दाणे यंत्रासारखे पडू लागतात. झिंझोटीतली आर्तता अशा घाईत मुळीच टिकत नाही. थोडी गती उतरवली की तोच गळा छातीतून येऊ लागतो.

चार. कान ताळ्यावर आणण्यासाठी ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची 1993 सालची ही सीडी सँटा बार्बरातल्या एका चॅपलमध्ये दोनच मायक्रोफोनांवर मुद्रित झाली. मोहनवीणा कुठे आहे, तबला किती मागे आहे, हे डोळे मिटून दाखवता येतं. नंतर प्रतिध्वनी चिकटवून अशी खोली तयार होत नाही.

पाच. नातू आला, नावं उघडली. ‘अ’ ही जुनी सीडी, ‘ब’ नवी ‘सुधारित’ आवृत्ती.

सहा. निकाल लिहिला: नवी घेऊ नये, जुनी मिळाली तर सोडू नये. आणि ज्यांच्या घरात पहिल्या आवृत्तीच्या सीडी पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. सीडीची छापील बाजू जास्त जपा. आवाज धरून ठेवणारा चकचकीत थर त्या बाजूला, पातळ लेपाच्या लगेच खाली असतो, आणि तिथला ओरखडा पुसता येत नाही.