गुंठेवारीतले पाणी

सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले असल्यामुळे तेथे पावसाचे पाणी थांबत नाही, आणि सांगली कृष्णाकाठच्या सपाट काळ्या जमिनीवर पसरलेली असल्यामुळे तेथे ते लवकर हलत नाही. तथापि नव्या वसाहतींनी जमिनीची पाणी मुरवण्याची शक्ती हिरावून घेतली, हे दुखणे दोन्हीकडे सारखेच आहे. ५० मिलिमीटरचा दमदार पाऊस एका गुंठ्यावर सुमारे ५,००० लिटर पाणी ओततो. शेत होते तोवर त्यातले बरेचसे मातीत मुरत असे किंवा बांधाशी अडत असे. त्याच जागी स्लॅब आणि फरशी आली की जवळजवळ सारे पाणी तत्काळ गटारात उतरते, आणि ४० गुंठ्यांच्या वसाहतीतून २ लाख लिटरांचा लोंढा खालच्या आळीच्या दारात जातो.

साताऱ्यातील मंगळवार तळे किंवा मोती तळे ज्या हेतूने बांधले गेले तो कोणताही असो, भरेपर्यंत तळे खालच्या पेठेवरचा भार हलका करते. वसाहतीच्या सखल कोपऱ्यातील साठवण तळ्याचे काम हेच. त्याच्या बांधात खालच्या अंगाला एक अरुंद मोरी आणि माथ्याशी रुंद सांडवा असतो. तासाभरात जमलेले पाणी त्या मोरीतून दिवसभर सावकाश सुटते, आणि अतिवृष्टीत सांडवा बांध वाचवतो. तोंडाशी गाळ बसण्यासाठी वेगळा खड्डा ठेवला नाही, तर मात्र थोड्याच पावसाळ्यांत तळ्याचे उकिरड्यात रूपांतर होते.

सांगलीत प्रश्न अधिक बिकट आहे. काळी माती भिजून फुगली की पाणी मुरवीत नाही, म्हणून शामरावनगरसारख्या सखल भागात नुसत्या शोषखड्ड्यांनी भागत नाही. आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. नदी अशी चढली म्हणजे नाल्यांची तोंडे बुडतात आणि शहरातले पाणी बाहेर पडण्याऐवजी नदीच आत शिरू लागते.

२०२० च्या विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संचयनाची सक्ती केली खरी, परंतु गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे या सक्तीतून सहज निसटतात, आणि गुंठेवारीच्या वसाहती तर अशाच तुकड्यांच्या बनलेल्या असतात. म्हणून हिशेब घराचा न धरता संपूर्ण वसाहतीचा धरावा, आणि नकाशा मंजूर करतानाच तळ्याची जागा राखून ठेवावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. सांगलीत त्या तळ्याच्या मोरीला झडप हवी, आणि नदी चढू लागताच रात्री-अपरात्री ती बंद करणारा माणूसही पावसाळ्यापूर्वी नेमलेला हवा.