पाच पेशींवरून बाळ कसं कळणार?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात सिकलसेल तपासणीचं शिबिर होतं, तिथे मी माहिती घ्यायला गेले होते. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात सोडायचा आणि नळीमागे छापील ओळींचा कागद धरायचा. ओळी वाचता आल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन ओळी दिसेनाशा झाल्या, तर रक्त पुढच्या तपासणीला पाठवायचं. रांगेतल्या एका बाईला तिसरा महिना लागला होता. तिने विचारलं, “ताई, पोटातल्या लेकराचं जीन बदलून भेटते म्हणतात, खरं आहे का?” तिच्या दिराने मोबाइलवर तसा व्हिडिओ पाहिला होता.

शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांकडूनही मी हाच प्रश्न ऐकते. त्यामागे बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते.

जनुक-संपादनाने सिकलसेलवर उपचार होतो, हे खरं आहे. ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला नोव्हेंबर 2023मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या मूलपेशी बाहेर काढतात, ‘क्रिस्पर’ नावाच्या जैविक कात्रीने त्यांतला एक ठरावीक भाग कापतात आणि त्या पेशी परत शरीरात सोडतात. मग गर्भात असताना तयार होणारं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. पण हा बदल त्या माणसापुरताच राहतो, त्याच्या मुलांपर्यंत पोचत नाही. बाहेर काढलेल्या पेशी परत घालण्याआधी तपासता येतात, आणि रुग्ण स्वतः ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणू शकतो.

भ्रूणाचं तसं नाही. तिथे बदल पहिल्या पेशीतच करायचा असतो, म्हणून तो मेंदू, यकृत, रक्त आणि पुढे त्या मुलाच्या बीजपेशींमध्येही जातो. त्याची नातवंडंही तो बदल घेऊन जन्मू शकतात. त्यामुळे एका उपचाराच्या यशावरून दुसऱ्याची खात्री देता येत नाही.

“पण चीनमध्ये तर झालं ना यशस्वी?” हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे. नोव्हेंबर 2018मध्ये शेन्झेनच्या ह जियानक्वी या शास्त्रज्ञाने जाहीर केलं, की त्याने भ्रूणाचं जनुक बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या आहेत. लुलू आणि नाना ही त्यांची टोपणनावं. त्यांच्या वडिलांना एचआयव्ही होता. एचआयव्ही पेशीत शिरताना ज्या दाराचा वापर करतो, ते बनवणारं ‘सीसीआर-5’ जनुक त्याने कापलं होतं. ऐकायला छान वाटतं. पण वडिलांना एचआयव्ही असला तरी वीर्य धुऊन, म्हणजे शुक्राणू बाजूला काढून, निरोगी बाळ होण्याची पद्धत कित्येक वर्षं वापरात होती आणि त्यानेही ती वापरली होती. म्हणजे त्या भ्रूणांना कोणताही आजार नव्हता. ज्याला औषधाची गरज नाही, त्याच्यावर शस्त्र चालवलं गेलं.

आणि जमलं तरी काय? उत्तर युरोपातल्या काही लोकांमध्ये या जनुकातली 32 अक्षरं निसर्गतःच गळालेली असतात आणि त्यामुळे त्यांना संरक्षण मिळतं. मुलींमध्ये नेमका तो बदल झालाच नाही. वेगळेच, आधी कुणात न अभ्यासलेले बदल झाले. एकीच्या तर जनुकाची एकच प्रत बदलली, दुसरी तशीच राहिली. डिसेंबर 2019मध्ये न्यायालयाने त्याला तीन वर्षांचा तुरुंगवास आणि 30 लाख युआन दंड ठोठावला.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती तपासणी. पाच-सहा दिवसांच्या भ्रूणात शंभर-दोनशे पेशी असतात. बाहेरच्या थरातून पुढे वार तयार होते आणि आतल्या छोट्या पुंजक्यातून बाळ. तपासणीसाठी बाहेरच्या थरातल्या थोड्याशाच पेशी काढतात. त्यांत गडबड दिसली नाही, म्हणून बाळाच्या पेशींत ती नाही असं ठरत नाही, कारण कात्री उशिरा चालली तर काही पेशींत एक बदल, काहींत दुसरा आणि काहींत काहीच नाही, असं मिश्रण तयार होतं. प्रत्येक पेशी तपासायची तर भ्रूणच मोडावा लागतो. म्हणजे ज्या भ्रूणाची पूर्ण खात्री केली तो जन्मू शकत नाही, आणि जो जन्मतो त्याची पूर्ण खात्री केलेली नसते. हा पेच यंत्रं सुधारली की सुटेल, इतका सोपा मला वाटत नाही.

“क्रिस्पर अगदी अचूक असतं” हेही अर्धंच खरं. कात्री योग्य जागी चालली तरी कापलेलं सांधायचं काम भ्रूणाची पेशीच करते, आणि ते ती आपल्या मनासारखं करेल असं नाही. 2020मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अंधत्वाशी निगडित एका जनुकावर प्रयोग केला. अनेक भ्रूणांत कापलेल्या जागेपासून गुणसूत्राचा मोठा भाग, काहींत तर अख्खं गुणसूत्रच, नाहीसं झालं होतं.

हुशार, उंच, गोरं बाळ मागवता येईल ही भीती, आणि काहींची आशा, मात्र फार पुढची आहे. एकट्या उंचीशी संबंध असलेल्या डीएनएतल्या सुमारे 12 हजार जागा सापडल्या आहेत. बुद्धीचं तर बोलायलाच नको.

“वाईट जनुक काढून टाकलं की पिढ्यान्‌पिढ्यांची सुटका” हे वाक्य गडचिरोलीत उच्चारताना माझी जीभ अडखळते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. दोन्ही प्रती तशा असल्या तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण: हाडं पिळवटून काढणारी वेदना, वारंवार दवाखाना. पण एकच प्रत असलेल्या ‘एएस’ वाहकाला मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिलं ते त्यामुळेच. सीसीआर-5 नसलेल्या माणसांनाही वेस्ट नाइल विषाणूचा त्रास जास्त होतो. एका जनुकाची सगळी कामं आपल्याला माहीत आहेत, असं धरून पुढच्या पिढ्यांच्या वतीने निर्णय घ्यायचा हक्क कुणाला?

आनुवंशिक आजार टाळायला दुसरा मार्गच नाही, असंही लोकांना वाटतं. नवरा-बायको दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. (एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत; प्रत्येक वेळी हिशेब नव्याने.) म्हणजे चारात तीन भ्रूण मुळातच आजारमुक्त असतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात ते ओळखून निवडता येतात, काही कापावं लागत नाही. गर्भ राहिल्यावर दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊनही कळतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लग्नाआधी दोघांचं रक्त तपासणं.

निवडीलाही धोका आहे, आणि तो महाराष्ट्राइतका कोण जाणतो? गर्भजल परीक्षा देशात आली ती गर्भातले दोष शोधायला. थोड्याच वर्षांत ती मुली शोधायला वापरली जाऊ लागली. कार्यकर्त्यांच्या लढ्यानंतर 1988मध्ये महाराष्ट्राने त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा 1994मध्ये आला. तोवर किती मुली गेल्या, ते आपण जनगणनेत पाहिलं. “आजारापुरतंच वापरू” हे आश्वासन आपण एकदा ऐकून चुकलो आहोत. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनी संपादित भ्रूणापासून मूल जन्माला घालायला केलेली मनाई मला योग्य वाटते. प्रयोगशाळेत भ्रूण वाढवायलाही तिथे 14 दिवसांची मर्यादा आहे.

हे सगळं त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या बाईला सांगता आलं नाही. “लेकराचं जीन असं कुठेच बदलून देत नाहीत. आधी तुझं आणि नवऱ्याचं रक्त बघू,” एवढंच म्हणाले. तिच्या नळीमागच्या ओळी दिसल्या नाहीत. नवऱ्याची तपासणी कधीच झाली नव्हती. तो मजुरीला परगावी गेला होता. आशाताईने वहीत त्याचं नाव लिहिलं, दिवस मोजले आणि तिथूनच त्याला फोन लावला.