नऊ डॉलरचा डॅक, दहा हजारांचा डॅक आणि आपल्या कॅसेटी

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात त्रिसरण-पंचशील आणि वंदना आटोपल्यावर लॅपटॉपवरून भीमगीते लावण्यात आली, तेव्हा प्रत्येक गाण्याच्या तळाशी एक बारीक, अखंड भुणभुण ऐकू येत होती. ज्येष्ठ उपासक-उपासिकांनी सौजन्याने तिकडे दुर्लक्ष केले. पुढच्या रांगेतील एका लहान मुलीने मात्र, स्पीकरमध्ये माशी अडकली आहे का, असे विचारलेच. त्यानंतरच्या बैठकीत संघाच्या एका दानशूर सभासदांनी अडीच हजार डॉलरचा डॅक घ्यावा, असे सुचविले आणि निम्मी रक्कम स्वतः देण्याची तयारी दाखविली. ध्वनिव्यवस्थेचे काम आमच्याकडे असल्यामुळे आमचे मत विचारण्यात आले. ते बैठकीतल्या पाच मिनिटांत सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून येथे सविस्तर मांडत आहोत. संगणकावर संगीत ऐकणाऱ्या अनेक घरांतही हाच प्रश्न पडलेला असतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

डॅक म्हणजे आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारे यंत्र. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर आवाज साठविला जातो तो सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या रूपाने, आणि प्रत्येक नमुना ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविलेला असतो. या आकड्यांना स्पीकर दाद देत नाही. त्याला वर-खाली होणारा विजेचा दाब लागतो. तो दाब घडविण्याचे काम डॅक करतो. प्रत्येक लॅपटॉपात आणि फोनमध्ये असा एक डॅक मुळातच असतो. पण लॅपटॉपच्या पोटात प्रोसेसर, पंखा, पडदा अशा अनेकांची विद्युत-गजबज चाललेली असते आणि तिचे पडसाद आवाजात उमटू शकतात. यूएसबी डॅक हेच काम त्या गजबजीबाहेर, स्वतंत्र डबीत करतो, एवढाच त्याच्यामागचा मूळ विचार.

आता किमतींची उतरंड पाहा. ॲपल कंपनीची यूएसबी-सी टोकाची, हेडफोन जोडण्याची पांढरी वायर ९ डॉलरला मिळते. पुष्कळांना ती नुसती वायर वाटते. प्रत्यक्षात तिच्या टोकाशी एक पूर्ण डॅक दडलेला आहे. त्यावरच्या पायरीवर शंभर डॉलरच्या आसपासची यंत्रे येतात. अमेरिकेतील शीट कंपनीने २०१२ साली ‘मोडी’ ९९ डॉलरला आणला. त्याच वर्षी ऑडिओक्वेस्टचा अंगठ्याएवढा ‘ड्रॅगनफ्लाय’ २४९ डॉलरला आला. २०२० मध्ये चिनी टॉपिंग कंपनीचा ‘ई३०’ सुमारे १३० डॉलरला आला. पुढे बेंचमार्कसारख्या, स्टुडिओंत वापरल्या जाणाऱ्या यंत्रांची किंमत दोन हजारांच्या घरात जाते. इंग्लंडच्या कॉर्ड कंपनीच्या ‘डेव्ह’साठी दहा हजार डॉलरहून अधिक मोजावे लागतात, आणि डीसीएससारख्या कंपन्यांच्या यंत्रांच्या किमतीत चांगली मोटार येते. नऊ डॉलर आणि दहा हजार डॉलर यांत हजार पटींहून अधिक अंतर आहे. आवाजात किती अंतर आहे, हा खरा प्रश्न.

काही बाबतींत हे अंतर आपण समजतो तितकेही नाही. बहुतेक डॅकच्या गाभ्यातील चिप मोजक्याच कंपन्या बनवितात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधील नोबेओका येथील एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा शंभर डॉलरचे डॅक बनविणारे आणि त्याच्या कितीतरी पट किमतीचे डॅक बनविणारे एकाच वेळी अडचणीत आले आणि अनेकांना आपली यंत्रे नव्याने आखावी लागली. चिप एकच असली की आवाज एकच होतो, असे आम्ही म्हणत नाही. भोवतालचे सर्किट, वीजपुरवठा, घड्याळ यांनाही महत्त्व आहे. शिवाय ‘डेव्ह’सारखी यंत्रे बाजारातील तयार चिप न वापरता स्वतःची गणितरचना वापरतात, आणि काही कंपन्या रोधकांच्या शिडीवर आधारलेली जुनी पद्धत आजही जोपासतात. ही अभियांत्रिकी खरोखर सुंदर आहे. तथापि सुंदर अभियांत्रिकी आणि कानाला जाणवणारा फरक या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कानाची मर्यादा आकड्यांत सांगता येते. रात्रीच्या शांत खोलीतसुद्धा सुमारे ३० डेसिबलचा गोंगाट असतोच: फ्रीज, हीटर, रस्ता. घरात आपण मोठ्याने गाणे लावले तरी त्याची शिखरे शंभर डेसिबलच्या आगेमागे राहतात. म्हणजे ऐकण्याजोगा पट्टा उरला सत्तर डेसिबलचा. कॉम्पॅक्ट डिस्कचे सोळा बिट त्याला सुमारे ९६ डेसिबलची जागा देतात. डॅक स्वतः जी कुजबूज आणि विकृती आवाजात मिसळतो, ती त्या नऊ डॉलरच्या वायरीत मूळ आवाजाच्या सुमारे ९९ डेसिबल खाली असते. ‘ई३०’मध्ये ११० च्याही खाली. चोवीस बिटांचा सैद्धांतिक पट्टा १४४ डेसिबल आहे खरा, पण तेवढ्या शांततेपर्यंत कोणताही डॅक पोहोचत नाही, कारण रोधकातील इलेक्ट्रॉनांची उष्णतेने होणारी चुळबूळ त्याआधीच आडवी येते.

घड्याळाचाही धाक विक्रेते पुष्कळ घालतात. नमुने ठरलेल्या क्षणी बाहेर पडले नाहीत तर आवाज बिघडतो, हे खरे. सुरुवातीच्या यूएसबी डॅकना संगणकाच्या तालावर चालावे लागे. असिंक्रोनस पद्धत रुळल्यापासून डॅक आपल्याच घड्याळाने चालतो आणि संगणकाकडून हवे तसे नमुने मागवून घेतो. आज शंभर डॉलरच्या डॅकमध्येही ही सोय असते. हजार डॉलरची यूएसबी केबल विकणाऱ्यांविषयी आम्ही अधिक लिहीत नाही.

मग ज्यांना फरक स्पष्ट ऐकू येतो, ते खोटे बोलतात काय? मुळीच नाही. त्यांना फरक जाणवतोच. फक्त तो डॅकमुळे जाणवतो की किमतीच्या पट्टीमुळे, हे त्यांनी तपासलेले नसते. तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना दिलेला उपदेश आपण मुलांना शिकवितो: परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळा. तो उपदेश चिवर धारण केलेल्यांच्या वचनाला लागू होतो आणि चकचकीत माहितीपत्रकाला होत नाही, असे थोडेच आहे!

पडताळ्याची रीत अशी. दोन्ही डॅकचा आवाज तंतोतंत समान पातळीवर आणायचा, कारण किंचित मोठा आवाज कानाला ‘अधिक चांगला’ वाटतो, ‘अधिक मोठा’ नव्हे. साध्या मल्टीमीटरने दाब मोजून फरक ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे सुमारे एका टक्क्याच्या आत, आणावा. मग कोणता डॅक चालू आहे हे ना ऐकणाऱ्याला ठाऊक, ना त्याच्यासमोर बसलेल्याला. सोळा वेळा ओळखायचे. नाणे उडवूनही आठ उत्तरे बरोबर येतील. बारा किंवा अधिक बरोबर आली, तरच त्यात काही आहे असे म्हणता येते, कारण निव्वळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते.

या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर कामे झाली आहेत. २००७ साली मेयर आणि मोरन यांनी उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत साधा सीडी-दर्जाचा टप्पा घालून पाहिला. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरे २७६, म्हणजे निम्मीही नव्हेत. याच्या उलट, लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अठरा अभ्यास एकत्र तपासले, त्यांत बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. कान तयार केलेल्या श्रोत्यांत ते आणखी वर गेले. हे दोन्ही अभ्यास डॅकच्या किमतीविषयी नाहीत, ध्वनिमुद्रणाच्या दर्जाविषयी आहेत. पण कानाच्या टोकाला उभे राहून फरक शोधू लागलो की तो किती धूसर होत जातो, हे दोन्हींतून दिसते.

आमच्या संघातही एका शनिवारी आम्ही हा प्रयोग केला. ज्यांनी प्रस्ताव मांडला होता, त्या दादांनीच आपला दोन हजारांहून अधिक किमतीचा डॅक घरून आणला. समोर ठेवली ती नऊ डॉलरची वायर. प्रथम आवाजाची पातळी न जुळविता ऐकले, तेव्हा पाचही जणांनी क्षणात महागडा डॅक ओळखला आणि ‘गायकाचा आवाज पुढे येतो’, ‘ढोलकी मोकळी वाटते’ अशी दाद दिली. त्या डॅकचा आवाज निव्वळ मोठा होता. पातळी जुळविल्यावर पाचांपैकी कोणालाही बारा गाठता आले नाहीत. दादांना सात उत्तरे बरोबर आली. ते बराच वेळ हेडफोन हातात धरून बसले, मग हसले आणि म्हणाले, “पुन्हा एकदा लावा.” दुसऱ्या खेपेस नऊ आली. पाच माणसांचा हा प्रयोग शास्त्र म्हणून पुरेसा नाही, पण आमच्या बैठकीपुरता तो पुरेसा ठरला.

महाग यंत्रांत पैसा वाया जातो, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तेथे भक्कम धातूची पेटी मिळते, निरनिराळ्या यंत्रांना जोडण्याची अनेक तोंडे मिळतात, लांब केबलवर गोंगाट धरू न देणारे बॅलन्स्ड जोड मिळतात, आणि दहा वर्षांनंतरही दुरुस्त करून देणारी कंपनी मिळते. स्टुडिओत रोज दहा तास काम करणाऱ्यास हे सारे मोलाचे आहे. स्वस्तातही खाचखळगे आहेत. ॲपलची ती वायर अमेरिकेत सुमारे एक व्होल्ट देते, पण युरोपात विकली जाणारी त्याच्या निम्माच. त्यामुळे लंडनच्या वाचकांना जड हेडफोनवर तिचा आवाज क्षीण वाटेल. काही अँड्रॉइड फोनवर तर ती पूर्ण ताकदीने चालतच नाही. आणि नाव-गाव नसलेल्या डब्यांवर छापलेले ‘३८४ किलोहर्ट्झ’सारखे आकडे वाचून कोणी भारावून जाऊ नये. आमचा स्वतःचा कल विचाराल तर घरासाठी शंभर-दीडशे डॉलरवर थांबावे आणि उरलेले पैसे हेडफोन किंवा स्पीकरवर घालावेत, कारण दोन डॅकमधला फरक शोधावा लागतो. दोन स्पीकरमधला फरक स्वयंपाकघरातूनही ऐकू येतो.

आता त्या भुणभुणीविषयी. तिचा डॅकशी संबंधच नव्हता. लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटला, स्पीकर दुसऱ्या सॉकेटला, आणि दोन्हींची अर्थिंग ऑडिओ केबलमधून एकमेकींना भेटून वर्तुळ पुरे करीत होती. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालविला आणि माशी उडाली. वाटेत एक लहानसा आयसोलेटर बसविला की चार्जर लावूनही काम भागते. अडीच हजारांचा डॅक घेऊन त्याच केबलला जोडला असता, तर माशी तेथेच राहण्याचीच शक्यता अधिक होती.

पण आमचा खरा आक्षेप खर्चाला नाही, खर्चाच्या दिशेला आहे. आपण ऐकतो काय? बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत आपण दर वर्षी लावतो. तिच्या हातोहात फिरणाऱ्या प्रती पुन्हा पुन्हा दाबून लहान केलेल्या असतात. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे हे दोघेही २००४ साली गेले. वामनदादांची कितीतरी गाणी स्टुडिओत नव्हे, तर मंडपात, वस्तीच्या चौकात गायिली गेली, आणि तेथे कोणी टेपरेकॉर्डर पुढे धरला असेल तरच ती उरली. असे मुद्रण कॅसेटवर असते आणि साध्या कॅसेटचा पट्टा पन्नास-साठ डेसिबलचा, म्हणजे नऊ डॉलरच्या वायरीपेक्षाही कितीतरी अरुंद. जे फितीवरून पुसले गेले, ते कोणताही डॅक परत आणू शकत नाही. आणि त्या फिती आपल्यापैकी अनेकांच्या बॅगांत, गावाकडच्या पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत.

म्हणून आम्ही कार्यकारिणीसमोर वेगळा प्रस्ताव ठेवला. नुसता आवाज बाहेर देणारे यंत्र न घेता आवाज आत घेणारेही यंत्र घ्यावे. फोकसराइट कंपनीचा ‘स्कारलेट २आय२’ सुमारे दोनशे डॉलरला मिळतो. कॅसेट डेक जोडला की तो आवाजाचे आकडे करतो आणि स्पीकर जोडले की तोच डॅक होतो. चांगला जुना डेक, त्याचे नवे पट्टे आणि हेड साफ करण्याचे आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढे धरूनही दादांच्या निम्म्या रकमेत बरेच उरते. दादांनी मान्यता दिली आणि पुढच्या रविवारी एक कॅसेट आणली. तिच्या कागदावर निळ्या शाईने ‘जयंती १९८७’ असे लिहिले होते.

तिच्यातील फीत हेडवर दाबून धरणारी फेल्टची चकती गळून पडली होती. कवच उघडून फीत दुसऱ्या कवचात घातली. मूळ मुद्रण वेगळ्या यंत्रावर झालेले असल्याने हेडचा कल जुळत नव्हता आणि आवाज रजईखालून आल्यासारखा येत होता. हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवीत गेलो, तसे ‘स’ आणि ‘श’ उजळत गेले. मुद्रण चोवीस बिट, ९६ किलोहर्ट्झवर केले. चोवीस बिटांचा खरा उपयोग येथे होतो, कारण एखादा ढोल अचानक कडाडला तरी मुद्रण फाटू नये म्हणून पातळी बरीच खाली ठेवता येते. तासाभराला सुमारे दोन जीबी लागतात. खरखर काढण्याचा प्रयोग फक्त नकलेवर केला. मूळ प्रत जशी उतरली तशीच ठेवली आणि तीन प्रती तीन घरी दिल्या.

दुसऱ्या बाजूला, दोन गाण्यांच्या मध्ये, कोणी तरी माईकवर वर्गणीदारांची नावे वाचीत होते. अकरा रुपये, एकवीस रुपये, पाच रुपये. दादा पुढे सरकले आणि त्यांनी थांबा अशी खूण केली. तो त्यांच्या वडिलांचा आवाज होता.

ज्यांच्याकडे अशा कॅसेटी आहेत, त्यांनी त्या प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर आमच्याकडे आणून द्याव्यात. घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर आधी वाजवून पाहू नयेत. फीत अडकली तर तुटते. कवचावर काय लिहिले आहे, कोणत्या गावची आणि साधारण कोणत्या वर्षीची आहे, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. भारतात जाणाऱ्यांनी परतताना कॅसेटी हातातील सामानात आणाव्यात.