दोन ते पाचची तालीम

‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या दिवशी दुपारी दीड वाजता परीक्षा केंद्राचं फाटक बंद होतं. एक वाजून एकतीस मिनिटांनी आलेल्याला आत घेत नाहीत. मग एसटी उशिरा आलेली असो, पुलावर गाड्या तुंबलेल्या असोत, की एकाच संस्थेच्या दोन कॉलेजांपैकी भलत्याच कॉलेजासमोर रिक्षा उभी केलेली असो. दरवर्षी संध्याकाळच्या बातम्यांत बंद फाटकाला धरून रडणारी मुलं दिसतात. त्यांचा दोन वर्षांचा अभ्यास कमी पडलेला नसतो, कमी पडलेली असतात दहा मिनिटं.

हे टोकाचं उदाहरण झालं. पण फाटकाच्या आत गेलेल्यांचेही बरेच गुण उत्तर न आल्यामुळे जात नाहीत. घाईत, झोपेच्या गुंगीत, चुकीच्या ओळीत रंगवलेल्या गोलात आणि अंगात शिरलेल्या कापऱ्यात ते जातात. २०२५ मध्ये देशभरातून सुमारे २२ लाख मुलं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि परवडणाऱ्या सरकारी फीच्या त्याहून कितीतरी कमी. अशा गर्दीत एका गुणानं रँक शेकड्यांनी, मधल्या पट्ट्यात तर हजारांनी मागेपुढे होते. शेवटच्या दोन आठवड्यांत एखादं नवं प्रकरण शिकून फार गुण वाढत नाहीत. जे येतंय ते त्या तीन तासांत कागदावर उतरवण्याची तालीम मात्र करता येते, आणि या दिवसांत करण्यासारखं खरं काम तेच आहे.

पुस्तक मिटून अभ्यास

७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. त्याचे ९० प्रश्न, भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. जीवशास्त्राचा पाया म्हणजे एनसीईआरटीची अकरावी आणि बारावीची पुस्तकं. क्लासवाले ‘लाइन टू लाइन’ म्हणतात ते याच पुस्तकांबद्दल. एव्हाना मुलांची ती चार-पाचदा वाचून झालेली असतात, पानं पिवळ्या-गुलाबी हायलायटरनं भरलेली असतात, आणि नेमका इथंच घोटाळा होतो. ओळखीचं पान दिसलं की ते येतंय असं वाटतं.

सिकल सेलचं घ्या. बीटा-ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, हे वाक्य प्रत्येकानं वाचलेलं असतं. पर्यायांत याच दोन नावांची अदलाबदल करून ठेवली, किंवा ‘बीटा’च्या जागी ‘अल्फा’ टाकलं, की वाचणारा अडखळतो. पुस्तक मिटून स्वतःच्या हातानं लिहून काढणारा सहसा अडखळत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच प्रयोगानं दाखवलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्यानंतर पारडं फिरलं. वाचून झाल्यावर स्वतःची चाचणी घेणारे पुढे गेले.

तेव्हा आता वाचनाचे तास कमी आणि कोऱ्या कागदाचे जास्त हवेत. नेफ्रॉनची आकृती न बघता काढायची, कोणत्या भागात काय शोषलं जातं ते लिहायचं, मग पुस्तक उघडून लाल पेनानं तपासायचं. भौतिकशास्त्राची सूत्रं एककांसकट लिहून काढायची. वर्षभराच्या सराव परीक्षांत झालेल्या चुकांची वही केली असेल, तर या घडीला तीच सर्वांत मोलाची. नसेल, तर शेवटच्या आठ-दहा पेपरांतून ती एका दिवसात तयार होते. नवा क्रॅश कोर्स, मित्रानं पाठवलेली ‘खात्रीच्या १०० प्रश्नां’ची पीडीएफ, दुसऱ्या क्लासची टेस्ट सिरीज, हे सगळं आता बंद.

दुपारचं घड्याळ

नीटची वेळ दुपारी दोन ते पाच. मे महिन्याचा पहिला रविवार, बाहेर विदर्भ-मराठवाड्यात चाळिशीच्या पुढचं ऊन. जेवणानंतरचा हा काळ तसाही सुस्तीचा. शरीराच्या घड्याळातच दुपारची एक डुलकी लिहिलेली असते. त्यात जो मुलगा महिनाभर रात्री तीनपर्यंत जागून सकाळी दहाला उठला आणि दुपारी वामकुक्षी घेत आला, त्याचा मेंदू परीक्षेच्या दिवशी अडीच वाजता उशीच मागणार.

लातूर-नांदेडचे क्लास शेवटच्या टप्प्यात मॉक टेस्ट दुपारी दोनलाच घेतात, त्यामागचं कारण हेच. घरी अभ्यास करणाऱ्यांनीही दिवसाआड दोन ते पाच पूर्ण पेपर सोडवावा. पलंगावर लोळून नको, खुर्ची-टेबलावर, मध्ये न उठता आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत. मनगटी घड्याळ केंद्रात चालत नाही. पहिला तास आणि शेवटचा अर्धा तास स्वच्छतागृहालाही सोडत नाहीत. त्यामुळे पाणी किती आणि कधी प्यायचं हेसुद्धा आधी अंगवळणी पडलेलं बरं.

झोपेत काटछाट करू नये. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेतच. रात्री जागून मिळवलेले तीन तास दुसऱ्या दिवशी दुपारी व्याजासकट परत द्यावे लागतात. झोपण्याची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणत अकरापर्यंत आणावी. परीक्षेच्या दिवशी अकरापासून केंद्रावर प्रवेश सुरू होतो, म्हणजे जेवण त्याआधीच उरकायला हवं. वरण-भात, ताक, पोळी-भाजी असं रोजचंच. ‘आज पेपर आहे’ म्हणून केलेला शिरा-पुरीचा बेत पोटाला आणि डोळ्यांना दोन्हीकडून जड होतो.

एक गोल, एक ओळ

२०२५ च्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. मिनिटाला एक, हा हिशेब वरवरचा आहे. गोल रंगवायलाही वेळ लागतो, तो यातूनच काढावा लागतो. सरावलेली मुलं जीवशास्त्र ४५ ते ५० मिनिटांत, रसायनशास्त्र तेवढ्याच वेळात संपवून भौतिकशास्त्राला तासभर ठेवतात. हाच क्रम सगळ्यांना मानवेल असं नाही. मात्र जो क्रम मॉकमध्ये जमलाय तोच पाळावा, केंद्रावर नवा प्रयोग नको.

ओएमआर उत्तरपत्रिकेवरची सर्वांत महागडी चूक अशी होते. ४७ वा प्रश्न अडला म्हणून मुलगी ४८ व्याकडे जाते. त्याचं उत्तर येतं आणि हात आपोआप रिकाम्या दिसणाऱ्या ४७ व्या ओळीत गोल रंगवतो. मग ४९ चं ४८ मध्ये, ५० चं ४९ मध्ये. लक्षात येतं तेव्हा ती ६५ व्या प्रश्नावर असते. शाईच्या बॉलपेननं रंगवलेला गोल पुसता येत नाही, पांढरी शाई चालत नाही आणि एका प्रश्नाचे दोन गोल रंगवले तर उत्तर चूक धरलं जातं. यावर उपाय अगदी साधा आहे. प्रश्न सोडला की पुस्तिकेत त्याच्या क्रमांकाला मोठं वर्तुळ करायचं, गोल रंगवताना क्रमांक मनात उच्चारायचा आणि दर दहा प्रश्नांनी ओळ जुळते का ते पाहायचं. पेन केंद्रावरच देतात, आवडीचं जेल पेन तिथं नसतं. म्हणून सरावही साध्या काळ्या बॉलपेननंच करावा. पुस्तिका हाती आली की तिच्यावरचा कोड आणि उत्तरपत्रिकेवरचा कोड एकच आहे ना, हे सर्वांत आधी पाहावं.

मराठी निवडलेल्यांना पुस्तिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळते, आणि अर्थाबद्दल वाद झाला तर इंग्रजी मजकूर प्रमाण मानतात. मराठी वाक्य विचित्र वाटलं, तर त्यावर डोकं खाजवत बसण्यापेक्षा नजर इंग्रजी वाक्यावर टाकावी.

निगेटिव्हचा बागुलबुवा

बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा, सोडल्यास शून्य. ‘निगेटिव्ह आहे, खात्री नसेल तर हात लावू नकोस,’ असं घरचे सांगतात. आकडे थोडं वेगळं सांगतात. दोन पर्याय नक्की चुकीचे म्हणून खोडता आले आणि उरलेल्या दोनांतून अंदाजानं निवडलं, तर अशा दर दोन प्रश्नांत सरासरी एकदा चार मिळतात आणि एकदा एक जातो. नफा तीन गुणांचा. एकच पर्याय खोडता आला, तर तीन प्रश्नांमागे चार येतात, दोन जातात. काहीच कळत नसताना डोळे मिटून रंगवलं, तरी चार प्रश्नांमागे चार येऊन तीन जातात. म्हणजे दोन पर्यायांवर अडकलेला प्रश्न भीतीनं सोडून देणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

यात एक मेख आहे. पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांवरूनच बेतलेले असतात. सेंटिमीटरचं मीटर करायचं राहिलं की येणारं उत्तर पर्यायांत हजर असतं. त्यामुळे ‘असं वाटतंय’ म्हणजे खोडणं नव्हे. का चूक हे सांगता आलं, तरच तो पर्याय खोडला म्हणायचा. आपला अंदाज कितपत चालतो हे मॉकवरूनच कळतं. अंदाजानं सोडवलेल्या प्रश्नांवर खूण करून ठेवायची आणि नंतर मोजायचं. नियम घरी ठरलेला असावा, साडेचार वाजता ठरवू नये.

ब्लँक होण्याआधी

पेपर उघडला आणि काहीच आठवेना, याला मुलं ‘ब्लँक झालो’ म्हणतात. हे ढोंग नव्हे. धोका जाणवला की शरीर ॲड्रिनॅलिन सोडतं. छाती धडधडते, तळव्यांना घाम येतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढतं आणि त्याची पातळी चढली की साठवलेलं आठवून बाहेर काढण्याच्या कामात अडथळा येतो. घोकलेलं पुसलं गेलेलं नसतं, त्या क्षणी हाताला लागत नाही इतकंच. थोडी भीती उपयोगीही असते. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्येच उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं होतं, की अवघड कामात उत्तेजना मध्यम असली तर कामगिरी चांगली होते आणि ती फार वाढली की घसरते.

तेव्हा ‘घाबरू नकोस’ हा सल्ला निरुपयोगी आहे. भीती वाटणारच, ती वाटत असताना काय करायचं ते ठरलेलं हवं. आवडत्या विषयापासून सुरुवात करावी, पहिले पाच सोपे प्रश्न शोधून सोडवावेत. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावत चार-पाच श्वास घेतले तरी ठोके खाली येतात. रामिरेझ आणि बायलॉक यांचं २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेलं संशोधन सांगतं, की परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपल्या मनातल्या काळज्या कागदावर लिहून काढणाऱ्या घाबरट मुलांनी पेपर अधिक चांगला सोडवला. कागद हॉलमध्ये नेता येत नाही, पण केंद्राकडे निघण्याआधी घरी लिहिता येतो.

पेपर अवघड निघाला, तर तो सगळ्यांनाच अवघड असतो, हे मुलांनी पाठ करून ठेवावं. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते. २०२५ मध्ये भौतिकशास्त्रानं सगळ्यांनाच घाम फोडला आणि देशात पहिला आलेला ६८६ वर थांबला. खुल्या गटाची पात्रता रेषाही १६२ वरून १४४ वर आली. पेपरातच ‘आपलं संपलं’ म्हणून हातपाय गाळणाऱ्यांचं मात्र खरंच नुकसान झालं.

घरच्यांचा पेपर

क्लासच्या गावी खोली करून राहिलेली आई, दर रविवारी डबा घेऊन येणारे बाबा, कर्ज काढून भरलेली फी, हे सगळं मुलांना माहीत असतं. पुन्हा सांगावं लागत नाही. ‘आत्याचा फोन आला होता गं, विचारत होती किती मार्क पडतील,’ हे वाक्य या पंधरवड्यात घरात उच्चारू नये. आत्याला परस्पर सांगावं, पेपर झाल्यावर बोलू. ‘पेपर फुटला’च्या अफवाही दर वर्षी येतात. २०२४ च्या पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यापासून त्या खऱ्या वाटतात आणि टेलिग्रामवरचे भामटे त्याचाच फायदा घेऊन पैसे उकळतात. शेवटचे चार दिवस मुलाचा फोन आईच्या पर्समध्ये असावा.

घरच्यांनी खरं सांभाळायचं ते कागदपत्रांचं काम. हॉल तिकिटाची सगळी पानं, त्यावर सांगितल्याप्रमाणे पासपोर्ट आणि पोस्टकार्ड आकाराचे फोटो, हजेरीपटासाठी एक जादा फोटो, मूळ आधार कार्ड. पर्यवेक्षकासमोर करायची सही घरी करू नये. अर्ध्या बाह्यांचा साधा कपडा, पायात चपला. कानातलं, चेन, अंगठी, मनगटातला दोरा घरीच उतरवावा. फाटकावर मेटल डिटेक्टरसमोर ते काढताना मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं आणि तेच घेऊन ती वर्गात जाते. धार्मिक पोशाख असेल तर लवकर पोचावं, तपासणीला वेळ लागतो. आणि आदल्या दिवशी केंद्र डोळ्यांनी पाहून यावं, शक्यतो दुपारच्याच वेळी.

ही परीक्षा कितीही वेळा देता येते. बीएएमएस, बीएचएमएसचे प्रवेशही याच गुणांवर होतात. डॉक्टर होण्याचे रस्ते एका रविवारी बंद होत नाहीत. मुलगा जेवेनासा झाला, झोपेनासा झाला, ‘माझ्यानं होणार नाही’ असं वारंवार बोलू लागला, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथं मराठीतही बोलता येतं.

पाच वाजता फाटक उघडेल आणि बाहेर उभे असलेले आईबाप एकच प्रश्न विचारतील, ‘कसा गेला?’ तो विचारू नका. क्लासच्या उत्तरतालिका त्याच रात्री येतील, गुण तेव्हा मोजता येतील. आधी पाणी द्या, जेवायला घाला आणि झोपू द्या.