शास्त्रज्ञाचा अर्ज आणि परीक्षकांची बैठक

संशोधनाला सरकारी तिजोरीतून पैसा मिळतो हे आपण सर्व जाणतो. पण तो कोणाला द्यावयाचा आणि कोणाला नाही म्हणावयाचे, हे ठरवितो कोण? मंत्र्याला विषय कळत नाही. ज्यांना कळतो ते बहुधा अर्जदाराचे स्नेही असतात, नाही तर प्रतिस्पर्धी. सारी अडचण येथेच आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९४६ मध्ये हिच्यातून जी वाट काढली, तीच आम्ही येथे पाहणार आहोत.

आलेले अर्ज विषयवार समित्यांकडे जातात. सभासद बहुतेक बाहेरचे, स्वतः प्रयोगशाळा चालविणारे शास्त्रज्ञ असतात. प्रत्येक अर्ज सामान्यतः तिघेजण बारकाईने वाचतात आणि १ ते ९ असे गुण देतात. गंमत अशी की, येथे १ हा सर्वांत उत्तम! या पहिल्या चाळणीत मागे पडलेले, म्हणजे जवळजवळ निम्मे अर्ज, चर्चेलाच येत नाहीत. उरलेल्यांवर बैठकीत खल होतो. ज्या सभासदाचा अर्जदाराशी हितसंबंध असेल, त्याने तेवढ्यापुरते उठून बाहेर जावयाचे. शेवटी सर्वांच्या गुणांची सरासरी काढून तिला दहाने गुणतात. मात्र ही समिती पैसा देत नाही. तिच्यावर एक सल्लागार मंडळ असते व त्यात शास्त्रज्ञ नसलेले नागरिकही बसतात. गुण देणारा हात निराळा, थैली सोडणारा निराळा.

व्यवस्था चोख खरी. पण तिच्या हातून रत्ने निसटत नाहीत काय? १९८० मध्ये उटा विद्यापीठाच्या मारिओ कापेक्की यांनी तीन कामांसाठी एकच अर्ज केला. सस्तन प्राण्याच्या पेशीतील नेमके एक जनुक हेरून बदलावयाचे, हे त्यांतील तिसरे काम. पहिली दोन समितीला पसंत पडली. तिसरे साधणार नाही असे तिला वाटले. कापेक्कींनी मिळालेला बहुतेक पैसा तिसऱ्यावरच घातला! १९८४ मध्ये ते पुन्हा अर्ज घेऊन आले, तेव्हा आपला सल्ला मानला नाही हे बरे केले, असे परीक्षकांनीच कळविले. २००७ मध्ये त्याच कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

म्हणून समितीला मूर्ख म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. लोकांचा पैसा राखणाऱ्याने पुरावा मागावा हे रास्तच आहे. पण नव्या कल्पनेचा पुरावा पैसा मिळाल्यावरच तयार होतो, हा खरा पेच आहे.

शिवाय जाणत्यांतही मतभेद असतात. अमेरिकेच्याच राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडील १५० अर्ज नव्या परीक्षकांना दाखविले, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याचे निकाल उलटले असते असे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने तर २०१३ पासून एका योजनेत पात्र ठरलेल्या अर्जांतून चिठ्ठ्या टाकून निवड करण्याची पद्धत घातली. सरसकट चिठ्ठ्या टाकणे आम्हांस पसंत नाही. परंतु दोन अर्ज खरोखरच तुल्यबळ असतील, तर गुणांच्या बारीक फरकाचा आव आणण्यापेक्षा ती चिठ्ठी अधिक प्रामाणिक वाटते.