मापाची जीन्स : आधी सीट, मग कंबर

जीन्स अंगावर नीट बसते की नाही, हे कंबरेच्या आकड्यापेक्षा सीट (नितंबांचा घेर), मांडी आणि राइज (जांघेपासून कंबरपट्टीपर्यंतचे अंतर) यांवर अधिक ठरते. तयार जीन्सच्या लेबलवर मात्र कंबर आणि फार तर पायाची आतली लांबी, एवढेच छापलेले असते. कंबर ३२ इंच असलेल्या दोघींपैकी एकीची सीट ३८ आणि दुसरीची ४२ इंच असू शकते. आकडा एक असला तरी दोघींना एकच जीन्स होत नाही.

अडचणीचे मूळ कापडात आहे. डेनिम हे तिरप्या विणीचे जाड सुती कापड. त्याचे उभे धागे निळीने रंगवलेले आणि आडवे पांढरे असतात. १८७३ साली जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी अमेरिकेत पॅन्टच्या खिशांना धातूचे रिव्हेट ठोकण्याचे पेटंट घेतले, ते अंगमेहनतीच्या कामात शिवण उसवू नये म्हणून. अंगमेहनतीच्या कपड्यांना शोभणारे हे ताठ कापड अंगाच्या गोलाईवर आपोआप वळत नाही. इतर पॅन्टींना त्यासाठी चुण्या किंवा डार्ट घालतात. जीन्समध्ये ते काम योक करतो, म्हणजे मागच्या बाजूला कंबरपट्टीखाली जोडलेला तिरका तुकडा. योकचे टोक मधोमध जितके खोल उतरते, तितकी सीटला गोलाई मिळते.

मापे टेपने आधीच घ्यावीत. कंबर बेंबीपाशी न मोजता जीन्स जिथे बसणार तिथे मोजावी, सीट सर्वांत रुंद भागावर आणि मांडी अगदी वरच्या बाजूला. दोन्ही पायांच्या शिवणी जिथे मिळतात तिथपासून पुढच्या बाजूने कंबरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे पुढचा राइज. ऑनलाइन खरेदी असेल, तर घरातली चांगली बसणारी जीन्स सपाट पसरून मोजावी आणि ती मापे विक्रेत्याच्या तक्त्याशी ताडून पाहावीत. लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नये. ३२ लिहिलेली कंबरपट्टी प्रत्यक्षात एक-दोन इंच जास्तही भरते. शिवाय भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कपड्यांचे तक्ते परदेशी मापांवर बेतलेले आहेत. म्हणूनच केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था (निफ्ट) यांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतील सुमारे २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे स्कॅनरने घेऊन भारतीय तक्ता बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला.

कंबर बारीक आणि सीट भरलेली असेल, तर सरळ कंबरपट्टीची जीन्स बसताना मागे उघडते. अशा अंगाला वळणदार कंबरपट्टी, खोल योक आणि मध्यम ते उंच राइज सोयीचा. गुडघ्याखाली सरळ किंवा किंचित पसरणारा पाय वरच्या भागाला तोल देतो. पोट पुढे असणारे पुरुष बहुधा पट्टा पोटाखाली बांधतात. मग कंबर लहान वाटते, त्या मापाची जीन्स घसरत राहते आणि मागे कापड लोंबते. पोटाला धरून बसेल इतका राइज घेतला की हा घोळ मिटतो. कंबर आणि सीट यांत फारसा फरक नसलेल्या सडपातळ अंगाला सरळ किंवा स्लिम पाय आणि मागे थोडे वर लावलेले, झाकण असलेले खिसे उठाव देतात. खेळाडू किंवा व्यायाम करणाऱ्यांनी मांडीत मोकळी आणि खाली निमुळती होत जाणारी जीन्स घ्यावी. उंची कमी असेल, तर लांबीइतकेच गुडघ्याच्या जागेकडे लक्ष हवे. निमुळत्या जीन्सचा पाय खालून बराच कापला, तर अरुंद भाग निघून जातो आणि उरलेला पाय ढगळ दिसतो.

कापडात १-२ टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असले, तर वावरताना आराम मिळतो; पण असे कापड दिवसभरात सैलावते. ते घेताना अंगाला नीट चिकटून बसणारे माप निवडावे. निव्वळ सुती डेनिमही वापराने कंबरेत थोडे सैल होते आणि न धुतलेले कोरे डेनिम पहिल्या धुण्यात आटते.

ट्रायल रूममध्ये नुसते आरशासमोर उभे राहून भागत नाही. खाली बसावे, जिना चढल्यासारखा पाय उचलावा. जांघेपासून मांडीकडे ताणलेल्या आडव्या रेषा दिसल्या, तर सीट किंवा मांडी अपुरी आहे. बाजूचे खिसे उघडे पडले, तरी तेच. सीटखाली कापडाच्या घड्या साठल्या, तर मागचा राइज लांब किंवा सीट मोठी आहे.

शिंप्याकडे काय दुरुस्त होते, यावर शेवटचा निर्णय अवलंबून असतो. मागची मधली शिवण उसवून कंबर इंच-दीड इंच आत घेता येते. लांबी कमी करून मूळची बॉटमपट्टी पुन्हा जोडता येते. मात्र कापण्याआधी जीन्स एकदा धुवावी. पाय बारीकही होतो. याउलट, सीट वाढवायला जीन्सच्या दुहेरी शिवणीत माया जवळजवळ नसते आणि राइज तर वाढतच नाही. त्यामुळे सीट, मांडी आणि राइज जुळणारी जीन्स कंबरेत थोडी सैल असली, तरी ती निवडावी.